आठाच्या आधीचं शून्य

भावाचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते आणि भाची ओट्याला टेकून कांदा चिरत होती. तिनंच फोन उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडून भाऊ म्हणाला, "अक्का, पोरगी कुठाय?"

"ही काय, शेजारी उभी आहे. देऊ का?"

"नको. उद्या सकाळी पिकअप घेऊन येऊन राहिलो. तिचं सामान बांधून ठेव."

मला वाटलं, वहिनीला काहीतरी झालं. वहिनी बरी आहे ना, असं मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, ती ठणठणीत हाय, माझंच डोकं ठिकाणावर न्हाई. मग मोबाइलवर आलेला मेसेज त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला. भाचीच्या क्लासमधून आला होता. आपल्या पाल्यास भौतिकशास्त्राच्या चाचणीत पन्नासपैकी आठ गुण मिळाले आहेत.

"आठ, अक्का! पन्नासात आठ तर मी बी घेईन, दुकानात बसल्या बसल्या."

फोन माझ्या कानाशी असला तरी भाचीला शब्दन् शब्द ऐकू गेला, कारण बोलताना मध्ये फोन आहे याचं भान माझ्या भावाला नसतं. भोकरहून लातूरपर्यंत आपला आवाज आपणच पोचवायचा आहे अशा बेतानं तो बोलतो. भाचीचा सुरीचा हात कांद्यावर तसाच थांबला.

"आठ?" ती म्हणाली. "आत्या, आठ कसे असतील? पाच उदाहरणं होती, चारांचा तर मी ताळा करून पाहिला होता."

आता मी पडले शिक्षिका. पेपर चांगला गेला होता हे वाक्य मी दरवर्षी निकालानंतर ऐकत आले आहे, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पेपरात काय दिवे लावलेले असतात तेही मला ठाऊक आहे. मी तिच्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाही. तिला ते समजलं. सुरी ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि उरलेला कांदा मी चिरला.

लातूरच्या एका कॉलेजात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सी शिकवते. सी म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम देण्याची एक जुनी भाषा. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी येतो. दोन खोल्या रिकाम्याच असतात, म्हणून दहावी झाल्यावर भाचीला मीच मागून आणली. भावाची तयारी नव्हती. त्याचं भोकरला हार्डवेअरचं दुकान आहे, नळाच्या तोट्या, खिळे, पत्रे, पाइप. त्याच्या मते पोरीनं कॉमर्स घ्यावं, दुकानात बसावं, संध्याकाळी घरी जावं. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. वहिनीनं एक आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला तेव्हा कुठे तो कबूल झाला, आणि तेही एका अटीवर: अभ्यास होत नाही असं दिसलं की त्या दिवशी परत. मी तेव्हा हसून हो म्हटलं होतं. पोरगी हुशार, मग अट कसलीही असो, आपल्याला काय करायचंय!

सकाळी उठून तिच्या खोलीत गेले आणि दारातच उभी राहिले. गादीची वळकटी करून तिनं ओढणीनं बांधली होती. पुस्तकं खोक्यात, कपडे पोत्यात, भिंतीवरचं वेळापत्रक काढून ठेवलेलं. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे भिंतीला राहिले होते. मी तिला रात्रभर रडताना ऐकलं असतं तरी मला इतका धक्का बसला नसता. ती खाली बसून पोत्याचं तोंड शिवत होती.

"हे काय गं?"

"पप्पा येऊन राहिलेत ना. त्यांना थांबायला नको."

"थांब जरा. आधी क्लासमध्ये जाऊ. पेपर बघू तुझा."

"पेपर नांदेडला आहेत. सर तिकडच्या शाखेत शिकवायला गेलेत, गठ्ठा त्यांच्याकडंच आहे. सोमवारी देतील."

सोमवारपर्यंत माझा भाऊ थांबणाऱ्यातला नव्हता. तेवढ्यात त्याचा फोन आलाच, नांदेड सोडलं म्हणून. मी तिचा हात धरला आणि तशीच घरातल्या साडीवर रिक्षा पकडली.

क्लास आमच्या घरापासून लांब नाही. तीन मजली इमारत, खाली सायकलींची गर्दी, जिन्यात चपलांचा ढीग. पहिल्या मजल्यावर काचेच्या फळ्यात चाचणीचा निकाल त्याच सकाळी लावला होता. हजेरीच्या क्रमानं, एकाखाली एक. भाचीचा क्रमांक मला शोधावा लागला नाही. तिनंच लांबून बोट दाखवलं, जवळ यायला ती तयार नव्हती. खरंच आठ होते. मोबाइलवर आलेलं खोटं असू शकतं, भिंतीवर लावलेलं कसं असेल, असं आपलं एक माझं खुळं मन म्हणालं.

तिच्या वरच्या मुलीला शून्य होतं.

"ही कोण गं?"

"माहूरची आहे. तिच्या घरचं देवीच्या पायऱ्यांवर कुंकवाचं दुकान आहे. काल ती पण म्हणत होती, शून्य कसं येईल, काहीतरी तर लिहिलं होतं मी. सगळे हसले तिला."

मीही हसले असते. पण नजर खाली सरकत गेली आणि बऱ्याच खाली पुन्हा एक शून्य दिसलं. त्याच्या खालच्या मुलाला नऊ. मी परत वर आले. शून्य, त्याखाली आठ. खाली गेले. शून्य, त्याखाली नऊ. सबंध यादीत एक आकडी गुण इतरही होते, तीन होते, सात होते, पाच होते. पण ज्या ज्या ठिकाणी आठ किंवा नऊ होते, त्यांच्या डोक्यावर शून्य बसलेलं होतं.

वीस वर्षं ज्या गोष्टीवर मी फळ्यावर खडू झिजवला ती माझ्या भाचीच्या नावासमोर येऊन बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, चल वर. तिनं का म्हणून विचारलं नाही.

वरच्या ऑफिसात दोघंजण होते. एक माझीच जुनी विद्यार्थिनी. तिचे अब्बा गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करतात, आणि पोरगीही तशीच, काही उघडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. क्लासचा निकालाचा प्रोग्राम तिनंच सीमध्ये लिहिलेला. मला बघून ती खुर्चीतून उठली, "मॅडम, तुम्ही!" म्हणत स्टूल पुसायला लागली. दुसरे होते ते गुरुजी. मुरुडकडचे निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा स्वच्छ सदरा, रोज एसटीनं येणारे. ते नव्यानंच लागले होते. आधी गुणही हीच टाइप करायची, या चाचणीपासून ते काम गुरुजींकडे गेलं होतं.

मी विचारलं, "गुण कुठून वाचतो तुझा प्रोग्राम?"

"फाइलमधून, मॅडम. सरांची चिठ्ठी येते, गुरुजी नुसते आकडे एकाखाली एक टाइप करतात, प्रोग्राम हजेरीच्या क्रमानं एकेक आकडा उचलतो आणि त्या त्या घरी मेसेज जातो."

"फाइल उघड."

तिनं उघडली. पडद्यावर आकड्यांची लांबलचक रांग आली. भाचीच्या जागेपर्यंत मोजत गेलो. माहूरच्या मुलीच्या ओळीत शून्य नव्हतं. तिथं होतं ०८. आणि त्याच्या खालच्या ओळीत, माझ्या भाचीच्या ओळीत, होते ४१.

मी मागं वळून भाचीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ नुसते हलत होते. आनंद झाला असं म्हणायला मी धजत नाही. कुणीतरी आपल्याला उचलून आपटावं आणि मग कळावं की माणूस चुकला होता, तेव्हा होतो तसा तो चेहरा होता.

"या अल्लाह," माझी विद्यार्थिनी म्हणाली. "फाइलीत बरोबर आहे, मग तिकडं आठ कसे गेले?"

"प्रोग्राम दाखव. वाचायची ओळ."

तिनं दाखवली. फाइलीतून आकडा वाचायला सीमध्ये एक हुकूम असतो, आणि आकडा कोणत्या जातीचा आहे ते सांगायला पुढे टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर द्यावं लागतं. नेहमीचा आपला दशमान आकडा असेल तर डी. हिनं दिलं होतं आय.

"मॅडम, आय म्हणजे इंटिजर. दोन्ही सारखंच असतं ना?"

"छापताना सारखं. वाचताना नाही. सांगितलं होतं मी!"

सांगितलंच होतं. पण ते लग्नसराईत. निम्मा वर्ग वऱ्हाडात आणि उरलेला जेवणाच्या विचारात. तिनं वहीत अर्धंच उतरवलं असणार, आणि आजवर त्या अर्ध्यावर तिचं छान भागत होतं.

मग मी त्या दोघांना आणि भाचीला, तिथंच उभ्या उभ्या, ते समजावून सांगितलं. आय दिलं की कॉम्प्युटर आकड्याचं तोंड बघून त्याची जात ठरवतो. आकडा शून्यानं सुरू झाला की तो म्हणतो, हा आठाच्या पाढ्यातला दिसतो, म्हणजे शून्य ते सात एवढेच अंक चालणाऱ्या पद्धतीतला. ०३ असेल तर तीनच वाचतो, ०७ असेल तर सातच, म्हणून कुणाच्या काही ध्यानात येत नाही. पण ०८ आला की शून्य उचलतो, पुढे आठ बघतो आणि थबकतो, कारण त्या पद्धतीत आठ हा अंकच नाही. तेवढं शून्य माहूरच्या मुलीच्या पदरात टाकून तो पुढे जातो. आठ तिथंच पडलेला राहतो. पुढच्या मुलीची पाळी आली की तोच पडलेला आठ उचलून तिला देतो. आणि तिचे स्वतःचे एकेचाळीस जातात तिच्या मागच्याला.

"म्हणजे माझ्या मागच्याला," भाची म्हणाली. "काल दुपारी त्याच्या मेसवर गुलाबजाम केले, आत्या, आपल्याकडं पप्पांचा फोन यायच्या आधी. त्याला एकेचाळीस पडले म्हणून. मीही खाल्ले."

मला हसावं का रडावं कळेना. हजेरीत तिच्या मागं असलेल्या सगळ्यांना एकेक घर सरकून दुसऱ्याचे गुण मिळाले होते. खाली तो नऊवाला आला तिथून दोन दोन घरं. हजेरीत शेवटच्या दोघांचे गुण तर कुणी उचललेच नव्हते, फाइलीच्या तळाशी तसेच पडून होते. एवढ्या घरांत आदल्या दिवशी शिव्या पडल्या असतील, पेढे वाटले असतील, आणि बहुतेक ठिकाणी चोर सोडून संन्याशाला सुळी. मी त्या पुसलेल्या स्टुलावर बसले.

गुरुजी पडद्याजवळ आले, चष्मा वर केला, वाकून ती ०८ ची ओळ पाहिली.

"बाई," ते मला म्हणाले, "ते शून्य मी लावलंय."

"माहीत आहे, गुरुजी."

"चाळीस वर्षं पेपर तपासले. एकेरी आकडा कधी मोकळा सोडला न्हाई. आठाच्या आधी जागा सोडली की कुणीबी तिथं तीन घालतंय अन् अडतीस करतंय. आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पोराचा गुण कुलूप लावून ठिवावा. ते शून्य म्हणजे कुलूप हाय."

मलाही माझ्या गुरुजींनी तेच शिकवलंय. आमच्याकडे शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, निकालपत्रावरचे ०४ आणि ०७ त्याला आठवतील. आजही मी उत्तरपत्रिकेवर सात लिहीत नाही, ०७ लिहिते, हात आपोआप तसा वळतो. कॉम्प्युटरच्या फाइलीत कुणी पेन घेऊन तीन घालायला येणार नाही हे गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी शून्य सोडलं असतं असं मला वाटत नाही. ते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझ्या कुलपानं एवढ्या पोरांची घरं लुटली म्हणायची." त्यांचा आवाज असा काही फुटला की माझ्या विद्यार्थिनीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

त्याच वेळी भावाचा फोन वाजला. अहमदपूर गेलं, म्हणाला. मी म्हटलं, ये, क्लासवरच ये. तो म्हणाला, क्लासवर कशाला, सामान घरी हाय ना? मी फोन ठेवून दिला. काही गोष्टी फोनवर सांगण्यासारख्या नसतात, आणि माझ्या भावाला तर नाहीच.

क्लासचे संचालक पलीकडच्या खोलीत होते. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर गणपती, बोलणं लोण्यासारखं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नांदेडच्या सरांना माझ्यासमोर फोन लावला, भाचीच्या पेपरवर किती आहेत विचारलं. एकेचाळीस, तिकडून उत्तर आलं. संचालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून गोड हसले.

"मॅडम, झालं तर. तुमच्या भाचीचा मेसेज आत्ता दुरुस्त करून पाठवतो. विषय मिटला."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीचं पुढच्या चाचणीपासून व्यवस्थित होईल. आता इतक्या लोकांना कळवून उगाच गोंधळ कशाला? एक चाचणी आहे. कोण लक्षात ठेवतं?"

मी थक्क झाले. गेल्या दोन तासांत मी बरेच धक्के खाल्ले होते, पण आकडा चुकणं वेगळं आणि हे वेगळं. माझी भाची माझी आहे म्हणून तिचा आकडा सुधारणार, आणि माहूरच्या पोरीची आत्या लातुरात सी शिकवत नाही म्हणून तिनं शून्य घेऊन बसायचं? माझा राग तसा लगेच नाकाच्या शेंड्यावर येतो, घरचे म्हणतात. त्या दिवशी मी तो मुद्दाम येऊ दिला.

"कोण लक्षात ठेवतं?" मी म्हटलं. "बाहेर या. माझा भाऊ दुकान बंद करून पिकअप घेऊन येतोय, त्याला विचारा कोण लक्षात ठेवतं ते. एकीचा आठ तुम्ही दुसरीच्या घरी पोचवलात आणि तिची गादी गुंडाळली गेली. अशा किती गाद्या गुंडाळल्या गेल्यात हे तुम्हाला माहीत आहे का? मला नाही. सगळ्यांना मेसेज गेला नाही तर ही फाइल आणि ती यादी घेऊन मी खाली दारात उभी राहते, आणि येणाऱ्या प्रत्येक बापाला वाचून दाखवते."

ते काही म्हणणार होते. पण दारात माझी विद्यार्थिनी उभी होती. तिनं आधीच आयच्या जागी डी घातला होता, प्रोग्राम चालवून पाहिला होता, आणि नवी यादी हातात घेऊन आली होती. "सर, पाठवू का?" तिनं विचारलं, पण त्यात विचारणं फारसं नव्हतं. संचालकांनी तिच्याकडे, माझ्याकडे, आणि मग गणपतीकडे पाहिलं. "पाठवा," ते म्हणाले. गुरुजींच्या सांगण्यावरून मेसेजच्या सुरुवातीला एक ओळ घातली गेली की कालचे गुण आमच्या चुकीमुळे चुकले, मुलांना बोल लावू नये. ती ओळ गुरुजींनी स्वतः टाइप केली, एका बोटानं.

आम्ही जिन्यात आलो तेव्हा माहूरची मुलगी खालून धावत वर येत होती, मोबाइल कानाला. शून्याचे आठ झाले होते. पन्नासपैकी आठ म्हणजे काही आनंदाची बातमी नव्हे, पण तिची आई फोनवर रडत हसत होती आणि आम्हाला ऐकू येत होतं: "शून्य न्हाई ना बाई? आठ तर आठ. मी म्हणलंच होतं, माझी पोर कोरा कागद देनार न्हाई." पोरगी आमच्याकडे बघून डोळे पुसत नुसती मान हलवत राहिली. माझ्या भाचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. तिच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही.

खाली पिकअप उभी होती. हौद्यात रिकामी जागा, एका कोपऱ्यात दोरीचं वेटोळं. भाऊ हातात मोबाइल घेऊन उन्हात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की ड्रायव्हरही हसत होता. मेसेज पोचला होता.

"एकेचाळीस!" तो रस्त्यावरूनच ओरडला. "अक्का, एकेचाळीस! पन्नासात! म्हणलं न्हवतं मी? माझी पोरगी हाय ती, आठ घेईल काय!"

काल संध्याकाळी फोनवर ओरडून आठ आठ म्हणणारा हाच माणूस होता, आणि आता तो इतक्या खऱ्या मनानं बोलत होता की कालचं मीच स्वप्नात ऐकलं की काय असं मला वाटायला लागलं. खोटं बोलत असता तर मी दोन शब्द सुनावले असते. तो खोटं बोलत नव्हता. काल त्याचा आठावर जितका विश्वास होता तितकाच आज एकेचाळीसवर होता, दोन्ही मोबाइलवर आले होते आणि दोन्ही छापील होते. चूक कशी सापडली ते मी त्याला थोडक्यात सांगितलं. शेजारच्या दुकानातून पेढ्याचं खोकं घेऊन तो परत आला, पहिला पेढा भाचीच्या तोंडाशी नेला.

तिनं तोंड उघडलं नाही.

"काऊन गं? राग आला काय? चुकून गेलं म्हणते ना तुझी आत्या. कॉम्प्युटरचं चुकलं. आता राहा निवांत, शीक. मी काय न्हाई म्हणून राहिलो का?"

"पप्पा," ती म्हणाली, "काल तुम्ही मला फोन दिला नाही."

"राग होता म्हणून."

"मी शेजारीच उभी होते. आत्या म्हणाली, देऊ का, तुम्ही नको म्हणाले. एकदा तरी विचारायचं होतं, काय झालं म्हणून."

भाऊ पेढा तसाच धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं हसणं थांबवलं. मला मध्ये पडावंसं वाटलं आणि पडता येईना, कारण काल शेजारी उभी राहून मीही तिला काही विचारलं नव्हतं.

"हिच्या आईनं विचारलं तिला," भाची म्हणाली, जिन्याकडे बोट करून, जिथं माहूरची मुलगी अजून फोनवर होती. "शून्य पडलं होतं तरी. काल क्लासमध्ये माझ्यासमोरच फोन करून विचारलं, तू काय काय लिहिलं होतं सांग. ही एकेक प्रश्न सांगत होती अन् ती ऐकत होती. तिला फिजिक्समधलं काही कळत नाही, तरी ऐकत होती."

"माय, आता झालं ना ते? तुझ्या आत्यानं काढली ना चूक शोधून?"

"आत्याला नसती सापडली तर?"

"सापडली ना पण."

"नसती सापडली तर, पप्पा? तुम्ही आला असता. सामान बांधलेलं होतंच. मी सांगितलं असतं की पेपर चांगला गेला होता. मग?"

माझा भाऊ वादात हरणारा माणूस नाही. गिऱ्हाइकाशी तो खिळ्याच्या टोकावरून अर्धा तास घालतो. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं पेढा परत खोक्यात ठेवला, झाकण लावलं, पुन्हा काढलं. काहीतरी मधाळ बोलून तो सुटेल असं मला वाटलं, बाप सुटतात तसा. एका शब्दाचं काम होतं.

"नेली असती," तो म्हणाला. "नेलीच असती, माय."

ती मान हलवून हो म्हणाली, जणू तिला एवढंच विचारायचं होतं. मग तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि घराकडे पायी चालू लागली, गादी सोडायला. भाऊ पिकअपच्या फळीला धरून खाली बसला, आणि मला त्याच्याकडे जावं की तिच्यामागं जावं हे किती तरी वेळ ठरवता आलं नाही.